दोन दारांची गाडी आणि साक्षीला बादशाह मिस्त्री

मृत्युपत्र करून ठेवणार: श्रीमती सरुबाई मोहनराव रणवरे, वय आधारकार्डावर अठ्ठ्याहत्तर आणि गुडघ्यांत त्याहून जास्त, धंदा शेती, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे.

मी आज बारामतीला रणजित वकिलांच्या ऑफिसात स्वतःच्या पायांनी जिना चढून आले आहे. मला कुणी धरून आणलेलं नाही, दमदाटी केलेली नाही, काही पाजलेलं नाही. चहा सांगितलाय म्हणतात, तो अजून आलेला नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला अक्षर येत नाही. मी बोलते ते वकीलसाहेब लिहून घेतात, आणि मी बोलले नाही ते त्यांनी लिहायचं नाही, असं आमचं ठरलं आहे. मरण चुकत नाही आणि माणूस मेल्यावर पोरांची भांडणं चुकत नाहीत. पहिल्याला इलाज नाही, दुसऱ्यासाठी हे करून ठेवते.

नवऱ्याचं नाव मी जन्मात फक्त उखाण्यात घेतलं. वर ते वकीलसाहेबांनी लिहिलं आहे, मी घेतलेलं नाही. पुढं सगळीकडं मी त्यांना मालक म्हणेन. मालक तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पश्चात सगळं माझ्या नावावर झालं आहे.

साक्षीला दोघांना बोलावलं आहे. एक आमचे शेजारी गेणबा, ते माझ्याबरोबर एसटीनं आले. दुसरा बादशाह मिस्त्री, निमगाव केतकीचा गॅरेजवाला. तो मालकांची गाडी घेऊन आला आहे, कारण वकीलसाहेबांना तिच्यावरचा नंबर बघायचा होता. गाडी खाली रस्त्याला उभी आहे आणि लोक तिचे फोटो काढत आहेत. वकीलसाहेबांनी मला आधीच बजावलं होतं की ज्याला काही मिळायचं आहे, त्यानं साक्षीदार होऊ नये. हे ऐकल्यावरच मी बादशाहला निरोप धाडला. का, ते कलम पाचात येईल.

कलम १. लासुर्ण्याचं राहतं घर माझा एकुलता एक मुलगा विजयसिंह याला. सूनबाईला स्वयंपाकघराची फरशी बदलायची आहे, ती तिनं खुशाल बदलावी. मी गेल्यावर 'आत्याबाईंची आठवण' म्हणून जुनी ठेवल्याचं पाहुण्यांना सांगू नये. शेडाकडची खिडकी मात्र बुजवायची नाही.

कलम २. जमीन नातू दिग्विजय आणि नात रोहिणी यांना निम्मी-निम्मी. रोहिणीचं लग्न झालं तरी निम्मीच. विहिरीकडचा तुकडा रोहिणीला, कारण दिग्विजयला विहीर फक्त फोटोत चांगली दिसते.

कलम ३. पाटल्या आणि मोहनमाळ रोहिणीला. बोरमाळ सूनबाईला. ती माळ जुनाट आहे असं तिनं चार घरी सांगितलेलं मला कळलं आहे, म्हणून मुद्दाम.

कलम ४. मालकांचं मनगटी घड्याळ दिग्विजयला. चावीचं आहे, चालू आहे. मालक ते अंघोळीपुरतं काढायचे, तेही साबण लागायच्या वेळेला.

कलम ५. गाडी.

वकीलसाहेब म्हणाले, "आजी, गाडीचं दोन ओळींत होईल."

मी म्हणाले, "तुमच्या होईल. माझी दहा-अकरा वर्षं गेलीत, तेवढं तरी लिहा."

गाडी जर्मनीची आहे, मर्सिडीज, एकोणीसशे एकाहत्तर सालची, निळी, दोन दारांची. भवानीनगरला एका जुन्या साहेबांच्या बंगल्यामागं पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मालक ट्रॅक्टरचा एक पार्ट बघायला म्हणून गेले आणि हिला ट्रॉलीवर घालून घेऊन आले. मला दिसू नये म्हणून वरून उसाचं वाढं टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी माझी चंद्री म्हैस दावणीला नव्हती. विचारलं तर म्हणाले, "इकली." पुढं एक अक्षर नाही. चार सडांची म्हैस देऊन दोन दारांची गाडी घेतली, याची इथं नोंद व्हावी.

घरात माणसं सहा आणि दारं दोन कशी, हेही मी विचारलं होतं. मागं बसायचं तर पुढच्यानं उतरायचं, सीट वाकवायची, मग मागच्यानं कोंबडीसारखं आत शिरायचं. मालक म्हणाले, "तशीच असती ती."

मग बादशाह आला. ट्रॅक्टर, जीप, पिकअप हे त्याचं काम, असली गाडी त्यानं कधी उघडलेली नव्हती. तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मोहनराव, खालचा पत्रा पापड झालाय." दुसरा कुणी असता तर चहा पिऊन गेला असता. हा दर बाजाराच्या दिवशी गॅरेज बंद ठेवून आमच्या शेडात यायला लागला. नंतर बाजार नसला तरी यायला लागला. दोघांनी पत्रा कापला, नवा जोडला. इंजिन साखळीनं वर टांगलं, ते एक पावसाळाभर तसंच लटकत होतं. पार्ट पुण्याहून आले, मुंबईहून आले. काचेचं एक रबर तर थेट जर्मनीहून पोस्टानं आलं. मालकांनी ते दोन्ही हातांवर घेऊन उघडलं. विजयसिंह झाला तेव्हा त्याला इतकं जपून धरलं नव्हतं, पाय खाली लोंबत होते पोराचे.

गावातल्या बायका म्हणायच्या, सरुबाईला सवत आली. ते खोटं आहे. लोखंडावर कोण जळतं. मी जळले बादशाहवर, आणि हे त्याच्या तोंडावर लिहून घ्या म्हणते. तो समोर बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला आहे.

लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली, मालक माझ्याशी कामापुरतं बोलले. 'वाढ.' 'पाणी सोडलंय.' 'इकली.' मला वाटायचं, काही माणसं अशीच असतात, मुक्यानं जन्म काढतात. आणि एक दिवस त्या शेडाकडच्या खिडकीत उभी राहिले तर शेडातून बोलणं ऐकू आलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. शब्द कळायचे नाहीत, पण पाटाला पाणी सोडल्यासारखी धार चालू असायची. मधेच हसणं. दुपार कलली की मी चहा घेऊन जायची. शेडाच्या उंबऱ्यात माझं पाऊल पडलं की धार बंद. दोघं खाली मान घालून कप घेणार. मी रिकामे कप घेऊन ओट्यापर्यंत परतले की पुन्हा सुरू. रात्री विचारायची, "एवढं काय बोलता वो मिस्त्रीशी?" मालक म्हणायचे, "काय न्हाय." जे काय न्हाय, ते दिवसभर पुरतं कसं?

एकदा ईदेला बादशाहची बायको जमीला शिरखुर्मा घेऊन आली. म्हणाली, "भाबी, माझा माणूस तुमच्याकडं, तुमचा पण तुमच्याकडं. मग माझ्याकडं काय राहिलं?"

मी म्हणाले, "माझ्याकडं कुठला आलाय? तुजा आन माजा दोघं एकमेकाकडं हायत." ती हसली. मी जरा कमी हसले.

गाडी चालू झाली त्या दिवशी मी ताट घेऊन गेले. बॉनेटला कुंकू लावायला बोट पुढं केलं तर मालकांनी माझा हात धरला. पन्नास वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा हात धरला, तो असा. म्हणाले, "रंगाला लागंल. टायरला लाव." मी टायरला लावलं. लग्नात मला लावलं तेव्हा माझ्या रंगाची चौकशी कुणी केली नव्हती. मग मालक बसले, शेजारी बादशाह बसला, आणि वालचंदनगरपर्यंत फेरी मारून आले. दारं दोन, माणसं दोन, हिशेब बरोबर. मी ताट घेऊन उभी. त्या गाडीत मी आजतागायत बसलेली नाही. मला कुणी बस म्हणालं नाही आणि न सांगता बसणारी मी नाही.

आता शेवटचं. दवाखान्यात मालकांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी कान नेला. म्हणाले, "मिस्त्रीला म्हणावं, बॅटरीची वायर काढून ठेव." त्यानंतर ते बोलले नाहीत. मरताना माणूस बायकोशी एक वाक्य बोलला, तोही दुसऱ्यासाठी निरोप. मी तो पोचवला. बादशाह दारात बसून रडला. मला तेव्हा रडता आलं नाही, इतका राग आला होता.

त्यानंतरही बादशाह दर बाजाराच्या दिवशी येतो, गाडी पुसतो, चालू करून बघतो, आत बसतो. शेडातून बोलण्याचा आवाज अजून येतो. मोबाईलवर बोलत असेल, असं मी धरून चालले.

गावाचं म्हणणं आहे की गाडी बादशाहला जावी. गावाची म्हैस गेली नव्हती. म्हणून मी असं ठरवते की गाडी विजयसिंहला मिळावी आणि पुण्याचा तो जुन्या गाड्यांचा हौशी माणूस दोनदा येऊन गेला आहे, त्याला त्यानं ती विकावी. बादशाहनं हे समोर बसून ऐकावं आणि खाली सही करावी, एवढ्यासाठी त्याला साक्षीला घेतलं आहे. म्हाताऱ्या बाईला एवढी मजा करू द्या.

सही करण्याआधी त्यानं एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात प्रश्न नसतो. मी म्हणाले, तुम्ही लिहा.

"मिस्त्री, तुमी दोघं शेडात काय बोलत होता?"

बादशाहनं टोपी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली. "वैनी, गाडी इका, माझं काय म्हणणं न्हाय. पण मोहनराव बोलायचे न्हाईत."

"मी खिडकीतनं ऐकलंय."

"ते मला ऐकलंय तुमी. मीच बोलायचो. गॅरेजचं, उधारीवाल्यांचं, जमीलाच्या दुखण्याचं. हसायचो पण मीच. ते पाना द्यायचे."

"मग मी आले की बंद का व्हायचं?"

"तुमी आल्या की मी गप व्हायचो. ते आधीच गप असायचे."

गेणबा खोकल्यासारखं करून हसले.

"आन आता कुणाशी बोलतोस शेडात?"

"त्यांच्याशीच की. सवय लागली. तवा उत्तर येत नव्हतं, आता पण येत न्हाय. लई फरक वाटत न्हाय."

"एवढ्या वर्षांत एक शब्द न्हाय?"

बादशाहनं विचार केला. "एक इचारायचे. ऊन कललं की. 'मिस्त्री, वाजलं किती?' मी सांगायचो. थोड्या येळानं परत, 'वाजलं किती?' तुमचा चहा येईस्तोवर असंच. चहा आला की मग न्हाय इचारायचे."

"आन घड्याळ?"

"त्यांच्याच हातात असायचं की वैनी."

मी वकीलसाहेबांना कलम चार पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं.

मग खालच्या टपरीचे माऊली चहा घेऊन आले. मी चहा घेतला. पुढचं सांगते ते चहा घेऊन सांगते, याचीही नोंद असावी, नाहीतर विजयसिंह म्हणेल चहात काही होतं.

कलम ६. कलम चार रद्द. घड्याळ दिग्विजयला द्यायचं नाही. ते माझ्याकडं राहील. मला वेळ वाचता येत नाही, पण ते माझं मी बघेन.

कलम ७. कलम पाचातलं गाडी विकण्याचं रद्द. वकीलसाहेब म्हणाले, नवा कागद घेऊन पहिल्यापासून लिहू. मी नको म्हणाले. नवा कोरा कागद बघितला की पोरं म्हणतील वकिलानंच लिहिला. आजी कुठून निघाली आणि कुठं वळली ते दिसू दे.

गाडी बादशाह मिस्त्रीला. माझा मत्सर गेला असं कुणी समजू नये. मी पन्नास वर्षं उत्तराशिवाय बोलले आणि वर भाकऱ्या थापल्या. हा दहा-अकरा वर्षं बोलला आणि त्याला वर चहा मिळाला. पण मालकांशी एवढं बोललेली माणसं या तालुक्यात दोनच, आणि त्यातलं एक आता जायच्या वाटेवर आहे. दुसऱ्याकडं गाडी राहावी. शेडही त्याला वापरू द्यावं. आतून आवाज आला तर सूनबाईनं घाबरू नये आणि दुपारी चहा पाठवावा.

एक अट. माझ्या तेराव्याला रोहिणीनं बॉनेटच्या मधोमध कुंकू लावायचं. टायरला नाही. ते बादशाहनं पुसायचं नाही.

दुसरी अट वकीलसाहेब लिहायला तयार नाहीत, कारण ती मी जिवंत असताना पार पडायची आहे आणि मृत्युपत्र त्यानंतर चालू होतं. म्हणून ती मी तोंडी सांगितली: आज लासुर्ण्याला एसटीनं जायचं नाही. गेणबा म्हणाले, "मी मागं बसतो की." मी म्हणाले, मागं कोंबड्या बसायच्या. दारं दोन, माणसं दोन. गेणबांनी साडेपाचची एसटी धरावी.

हे सगळं बजावण्याचं काम रोहिणीनं करावं. ती कुणाला भीत नाही, मलाही नाही.

वरचा मजकूर वकीलसाहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी म्हणाले तेच त्यात आहे. दोन ठिकाणी त्यांनी माझी भाषा सुधारली होती, ती मी पुन्हा बिघडवून घेतली. राजीखुशीनं अंगठा करते.

ठिकाण: बारामती
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: सरुबाई मोहनराव रणवरे

लिहून घेणार: रणजित, वकील, बारामती

साक्षीदार, ज्यांनी अंगठा करताना समक्ष पाहिलं:

१. गेणबा कदम, रा. लासुर्णे. सही.

२. बादशाह मुलाणी, रा. निमगाव केतकी. नाव खोडलं. कारण, या इसमास गाडी मिळते.

३. माऊली जगताप, चहाची टपरी, या ऑफिसच्या खाली. सही.