एका एंटरवर सगळं ऑफिस

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी. दाजींच्या ऑफिसात. नेटवर्कचं काम नीट केलंस तर कायम करतो, म्हणाले. ताईने बजावलं, माझं नाक कापू नकोस.
काम हास्यास्पद. चारही मजल्यांवरचे स्विच, म्हणजे ज्यांच्यातून सगळ्यांचं इंटरनेट जातं ते डबे, एका सॉफ्टवेअरच्या हुकमात आणायचे. इथला चष्मेवाला सिनियर स्टूल घेऊन एकेका डब्यापाशी जातो, हाताने सेटिंग करतो. कीव आली. मी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिणार, एंटर मारणार, चहा पिणार. शुक्रवारपर्यंत खेळ खलास.

७, शुक्रवार
स्क्रिप्टला नाव मिळालं: सेनापती. नाव आलं की लोगो आला. घोडा काढतोय. पाय जमत नाहीत. स्क्रिप्ट सोमवारी.

१२, बुधवार
चष्मेवाला म्हणतो, आधी एकाच स्विचवर चालवून बघ रे बाबा, आणि जुनं पुसताना आपली आत शिरायची वाट तेवढी ठेव. भित्रट! हा हेल्मेट घालून जिना उतरत असणार. मी 'हो काका' म्हटलं. काका म्हटलेलं झोंबलं त्याला.

१९, बुधवार
दाजींनी विचारलं, कुठवर आलं? नव्वद टक्के, म्हणालो. खोटं नाही. फक्त घोड्याचं शेपूट राहिलंय.
रात्री स्क्रिप्ट उरकली. आधी जुनं सगळं पुसायचं, मग नवं भरायचं. इतकं सोपं!

२४, सोमवार, सकाळी
मोठ्या पडद्यावर डेमो. दाजींचे साहेब, दाजी, चष्मेवाला. एंटर मारला. चारही मजले, जुनं साफ. हिरव्या खुणा. मी हात बांधून उभा.
मग काहीच होईना. नवं भरायला जायची वाटही जुन्यातच होती. ती पुसली गेली. स्क्रिप्टची चूक नाही, सांगितलं तेवढं तिने चोख केलं.
वरून आरडाओरडा. दाजी म्हणाले, वरच्यांना फोन लावा. ऑफिसचे फोनही त्याच तारांवर. पडद्यावर फक्त लोगो. साहेबांनी विचारलं, हा कुत्रा कुणाचा?

त्याच दिवशी, संध्याकाळी
चष्मेवाला स्टूल घेऊन मजलेन् मजले फिरला. स्टूल मी धरलं. डुगडुगतं. एवढा सिनियर, साधा पाय दुरुस्त करून घेत नाही.
ताईचा फोन. झालास का रे कायम? नव्वद टक्के, म्हणालो.
तिकडे स्पीकर चालू होता. मागून दाजी म्हणाले, विचार त्याला, उद्यापासून कुत्रा सांभाळायला घरीच बसणार ना?