घरात बसण्याचे पैसे

ॲबर्डीन,
मंगळवार, ४ मे १९०९

प्रिय एफी,

तुझं पत्र काल सकाळी पोचलं. खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं, पण खिडकी उघडी टाकून झोपायचं खूळ आता सोड. साठी ओलांडली आपण. माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात, स्वयंपाकीण कुरकुरते आणि गोदामातले पिंपवाले तर जन्मापासूनच कुरकुरे. बाकी सगळं ठीक आहे.

डंकनच्या बोटीचा मजकूर मी तीनदा वाचला. तुझ्या लेकाची स्वतःची वाफेची बोट! शनिवारी भरतीला पाण्यात उतरणार, मी येऊन तिच्यावर बाटली फोडायची आणि तिचं नाव ‘बेथिया’. रंगारी शुक्रवारी अक्षरं काढायला येणार असंही लिहिलंयस. म्हणून हे पत्र आज दुपारच्या गाडीने निघायलाच हवं. माझा कारकून टोपी घालून खाली उभा आहे. दोनदा खाकरला.

माझं नाव द्यायचं कारण तू शेवटच्या चार ओळींत लिहिलंस. त्याच्याकडे मी शेवटी येते. आधी यायची हिंमत होत नाही.

माझी पहिली कमाई कशी झाली ती हकिगत तू ऐकलेली आहेस. पाठीवर धुरावलेल्या हॅडक माशांची टोपली, पायात काही नाही, सात मैल चाल. वर्तमानपत्रवाला आला होता त्यालाही तीच सांगितली. ती खोटी नाही, पण तिचं पहिलं पान मी नेहमी गाळते. आज ते लिहिते.

आपण दहा वर्षांच्या होतो. माझे केस तेव्हा कसे होते ते तुला आठवत असेलच. पहाटे होडीकडे निघालेल्या माणसाला लाल केसांची बाई किंवा पोर आडवी गेली की तो घरी परत, आणि होडीही परत. भरती निघून जायची, दिवस बुडायचा. म्हणून शेवटचं शीड धक्क्याबाहेर जाईपर्यंत आई मला दाराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. ‘तू जन्मलीस तेव्हाच सुईण म्हणाली होती, हिला कोंडायला एक कडी जास्तीची करून घे,’ असं ती सगळ्यांना सांगायची.

त्या ऑगस्टमध्ये हेरिंग मासळी इतकी आली की ती खारवून विकणाऱ्या टॉडच्या वखारीत मीठ संपत आलं आणि पिंपं तर संपलीच. आपल्या पाच होड्या जे आणतील ते सगळं ठरल्या भावाने घ्यायचं, असा करार त्याने हिवाळ्यातच करून ठेवला होता. आता येणारी प्रत्येक टोपली त्याला तोट्यात घालत होती. आई त्याच्या अंगणात मासळी चिरायला बसायची आणि मी तिच्या सुऱ्यांना धार लावायचे. टॉड माझ्याजवळ येऊन वाकला.

“काय गं लाले, पहाटे जाग येते का तुला?”

“येते. पण आई सोडत नाही.”

“खिडकी आहे ना घराला? उद्या जरा वाटेवर येऊन उभी राहा. सहा पेन्स देईन.”

मी उभी राहिले. पाचही होड्या परत फिरल्या. तांडेलांनी मला काय काय शिव्या दिल्या ते लिहीत नाही, तुझी नातवंडं पत्रं वाचतात. एकटे तुझे बाबा हसले. “चला रे, आज बायकोच्या हातचं गरम खायला मिळणार!” म्हणाले. आईने मला मात्र सडकून काढलं. पण पैसे तिला सापडले नाहीत.

चार दिवसांनी टॉड पुन्हा आला तेव्हा मी शिलिंग मागितला. तो बघतच राहिला. मग अर्धा, म्हणजे सहा पेन्स, आगाऊ दिला आणि म्हणाला, “मोठी झालीस की मला विकत घेशील तू!” तेवीस वर्षांनी मी त्याची वखार घेतली तेव्हा त्याला हे आठवत नव्हतं. मला आठवत होतं.

ते सहा पेन्स मुठीत धरून मी घरी निघाले आणि वाटेतच डोक्यात आलं, की बाहेर उभं राहण्याचे पैसे मिळतात तर घरात बसण्याचे का मिळू नयेत. मी तशीच तुमच्या दारात गेले. तू विहिरीवर गेली होतीस.

“काकू, उद्या मी घरात बसले तर काय द्याल?”

मार्जरी काकू भाकरी उलटत होत्या. त्यांचा हात थांबला. “कुणी शिकवलं गं तुला हे?”

“कुणी नाही. टॉड शिलिंग देतोय, वाटेवर यायचं म्हणून.”

दुसरी कुणी असती तर गाव गोळा केला असता. पण तुमची होडी टॉडच्याच पैशाची होती आणि आणखी एका चांगल्या खेपेत ती फिटणार होती. त्याच्याशी भांडण म्हणजे होडी गेली. हे मला माहीत होतं, एफी. म्हणूनच मी बाकीची चार दारं सोडून तुमच्याकडे आले होते.

“शनिवारपर्यंत माझ्याकडे एक दमडी नाही पोरी.”

मी काही बोलले नाही. नुसती उभी राहिले. गप्प राहून समोरच्याला घाम फोडायची ही विद्या पुढे मला फार उपयोगी पडली. ती मी तुमच्या चुलीपुढे शिकले.

काकूंनी पेटीतून शालीला लावायचा चांदीचा ब्रोच काढला. बदामाच्या आकाराचा, लग्न ठरलं तेव्हा तुझ्या बाबांनी दिलेला. “शनिवारी खेपेचे पैसे आले की दीड शिलिंग देईन, तेव्हा हा परत आण. आणि यांच्या कानावर जाता कामा नये.” त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मला ते दिसलं, आणि तरी मी मूठ मिटली.

दुसऱ्या पहाटे मी खिडकीच्या फटीतून बघत बसले. तुझे बाबा शेवटी गेले. मी दिसले असणार, कारण त्यांनी टोपीला हात लावला आणि ओरडले, “झोप काढ गं लाले, आज सुट्टी तुला!” दुपारी वारा फिरला. तीन होड्या आल्या, दोन आल्या नाहीत. पुढचं तुला मी सांगायला नको.

वारा मी आणला नाही. मी वाटेवर उभी राहिले असते तर ते सगळे घरी असते, हेही खरं आहे. पन्नास वर्षं मी या दोन गोष्टी तोलत आले. पण कबूल करायचं आहे ते हे नव्हेच. कारकून जिना चढून वर आला आहे. त्याला दाराशीच बसवलंय.

नवव्या दिवशी मी तुला किनाऱ्यावर शोधायला आले. तू गुडघ्यांवर बसून गोटे उलटत होतीस. नखांतून रक्त येत होतं. तू सांगितलंस की तू आईचा ब्रोच गुपचूप शालीला लावून मिरवलीस, पेटीत परत ठेवलास असं वाटलं, पण आता तो कुठेच नाही. तू म्हणालीस, “लग्नाचा ब्रोच ज्या घरातून हरवतो तिथला धनी बुडतो. बाबांना मी बुडवलं, बेथी. आईला सांगू नकोस.”

ब्रोच माझ्या मोज्यात होता. चालताना घोट्याला टोचत होता.

आणि मी तुझ्याशेजारी बसले आणि गोटे उलटायला लागले. अंधार पडेपर्यंत तुझ्याबरोबर शोधत राहिले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो गहाण ठेवून मी मीठ आणि हॅडकच्या पहिल्या चार टोपल्या घेतल्या. वर्षाच्या आत सोडवूनही आणला. म्हणजे काकू होत्या तोवर देता आला असता. त्यांनी कधी मागितला नाही. रस्त्यात दिसले की त्या मान फिरवायच्या, आणि मला वाटायचं बरं झालं. त्या गेल्यावर तुला देता आला असता. तुझ्या लग्नात, डंकनच्या बारशाला. प्रत्येक वेळी मी काहीतरी महागडं पाठवलं आणि तो कपाटातच राहिला. भीती वाटायची. दुसरं काही कारण नाही.

आता तुझ्या त्या चार ओळी. “नाव पैशांसाठी देत नाही. बाबा गेले तेव्हा सगळा गाव मला बिचारी म्हणत होता, पण माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून गोटे उलटणारी तू एकटी होतीस.” काल ते वाचलं आणि मी उठून कपाट उघडलं.

ब्रोच या पाकिटात आहे, रुमालात गुंडाळलेला. त्याची पिन वाकडी आहे. ती तू शालीला लावताना वाकवली होतीस, मी सरळ केली नाही. तू तो पेटीत नीट परत ठेवला होतास, एफी. तुझ्या हातून काही हरवलं नव्हतं. तुझ्या बाबांना तू बुडवलं नाहीस.

बोटीसाठी मी दिलेले पैसे डंकनचेच राहतील, तुला कितीही राग आला तरी. नावाचं काय करायचं ते शुक्रवारच्या आत रंगाऱ्याला तूच सांग. मला बोलवायचं असेल तर तार कर, मी त्याच वाटेने खाली येईन. केस आता पांढरे झालेत, कुणी परत फिरायचं नाही. तार आली नाही, तर शनिवारी मी घरात बसेन. या खेपेला कुणाकडून काही न घेता.

तू अजून म्हणू देशील तर तुझीच,
बेथी