पाण्यात न घातलेली तिकिटं

वडनेर भोलजी
१२ जानेवारी १९६४

प्रिय,

पुढे तुमचं नाव लिहायला हात धजला नाही. ‘प्रिय’ लिहिलं तेच खूप झालं, हसू नका.

इकडे कापूस वेचून झाला. थंडीत आत्याबाईंचे गुडघे धरतात, म्हणून दुपारी त्यांना उन्हात बसवते. गफ्फारभाई टपाल घेऊन आले की आत्याबाई माझ्याआधी हात पुढे करतात, आईच ना त्या तुमच्या. वाचता येत नाही, पण पाकिटावर तुमच्या अल्बमातल्यासारखं जुनं तिकीट दिसलं की म्हणायच्या, पोराले घराची याद आहे. अमेरिकेतल्या जुन्या तिकिटांच्या दुकानांतून शोधून तुम्ही ती चिकटवायचात ना! कुठे आगगाडी, कुठे आगबोट. इतकी जुनी तिकिटं अजून टपालाला चालतात, याचं गफ्फारभाईंना भारी नवल.

तुम्ही शिकवून गेला होतात, पाकिटाचा कोपरा कापून कोमट पाण्यात टाकायचा, तिकीट सुटलं की रद्दीवर पालथं वाळवायचं, मग अल्बमात लावायचं. पहिलं तसं सोडवलं. मागचा डिंक विरघळला तेव्हा डोक्यात आलं, अरे देवा, हा तर ह्यांनी जिभेनं ओला केलेला. म्हणाल, काय येडी बाई आहे. असू द्या येडी. त्यानंतर एकही तिकीट पाण्यात घातलं नाही, सगळी पाकिटासकट ट्रंकेत आहेत. अल्बमात तुम्ही शाळेत असताना कापसाच्या जिनवाल्या शेटजींच्या रद्दीतून जमवलेली अमेरिकेचीच तिकिटं, आणि त्यांच्या शेवटी मी सोडवलेलं ते एक.

दिवाळीपासून मात्र पाकिटावर तिकीटच नाही, नुसता लाल ठप्पा. गफ्फारभाई म्हणाले, भाभी, हे कंपनीच्या हापिसातलं मशीन मारते. आत्याबाई आता पाकीट न बघताच माझ्याकडे देतात. मला फार एकटं वाटतं, सरळच सांगते. शेजारच्या विमलबाई विचारतात, तुहा नवरा कवा येऊन राह्यला वं? शिक्षण चालू आहे, म्हणते. ते गेल्या उन्हाळ्यातच संपलं, हे मला कळत नाही असं समजू नका.

आणि आता तुमचं पत्र आलं की अल्बम पाठव, इथल्या मंडळींना दाखवायचा आहे. आधी सर्टिफिकिटं मागितलीत, पाठवली. मग पुस्तकं, मग तुमच्या वडिलांचा फोटो. तेही पाठवलं. परवा अल्बम कापडात शिवून एस्टीनं नांदुऱ्याच्या पोस्टात नेला. बाबूंनी तो तराजूत ठेवला. हा गेला की या घरात तुमचं काय उरतं? उचलला आणि तशीच परत आले. रागावू नका, अल्बम तुमचाच आहे, पाठवीन. हे पत्र एवढंच विचारायला लिहिलं. तुमच्या सगळ्या वस्तू एकेक करून मागून घेतल्यात, मग मलेच काऊन नाही मागितलं? मागणार नसाल तर तसं लिहा, आडवळणानं नको. आत्याबाईंना काय वाचून दाखवायचं, ते मी बघून घेईन.

अजून तरी तुमचीच,
सत्यभामा