तिसऱ्या पानावरची खिडकी

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, धंदा घरोघर पेपर टाकण्याचा (गुडघ्यांमुळे आता बंद), पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, चष्मा लावून आणि चहा पिऊन हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. प्रकृती चांगली आहे. गुडघे सोडले तर डॉक्टरांना माझ्यात काही सापडत नाही. मला जायची घाई नाही. पण आपण सांगायचं राहिलं की ते दुसरं कोणीतरी सांगतं, आणि कसं सांगतं ते मी एकदा पाहिलं आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

माणसांची पूर्ण नावं आणि पत्ते वकीलबाईंनी सोबतच्या कागदावर लिहिले आहेत. इथे मी ते लिहीत नाही. आमचं नाव, वय, गल्ली आणि घराचं दार एकदा छापून आलं आहे, तेवढं पुरे.

कलम एक. राहतं घर, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढची गॅलरी, माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते माझी एकुलती एक मुलगी, जिला आम्ही ठकू म्हणतो, हिच्या एकटीच्या मालकीचं व्हावं. बँकेत असेल तेही तिचंच.

ठकू दुसऱ्या गावी नोकरीला असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन येतो. "बरी आहेस?" "बरी आहे." "गोळ्या घेतेस?" "घेते." मग ती म्हणते, "चल, ठेवते." त्या रविवारी मी फोनजवळची खुर्ची सकाळीच पुसून ठेवते. ती घरी येऊन सहा वर्षं झाली.

वकीलबाईंनी विचारलं, "अट घालू या का? हे सगळं वाचल्याशिवाय घराचा ताबा नाही, अशी?"

मी म्हटलं, "नको हो. घर आहे ते, लाच नाही."

तेव्हा घर विनाअट. पुढचं तिने वाचलं तरी तिचं, न वाचलं तरी तिचं.

कलम दोन. माझा मिक्सर वरच्या मजल्यावरच्या बाईंना द्यावा. माझ्या मिक्सरच्या आवाजाने त्यांचं डोकं उठतं असं त्या वीस वर्षं सांगत आल्या. आता बटण त्यांच्या हाती असेल. बातमीदार आला तेव्हा "सकाळी भांडण ऐकू आलं होतं" हे त्यांनीच सांगितलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. पण त्यांना ऐकू आलं तेवढंच ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक तेवढंच छापलं गेलं. याउपर माझा त्यांच्यावर राग नाही. मिक्सरचं झाकण सैल आहे, ते सांगू नये.

कलम तीन. कात्री. काळ्या मुठीची, मोठी. ती कोणाला द्यायची ते या कलमाच्या शेवटी लिहिलं आहे, कारण आधी तिने काय केलं ते लिहायला हवं.

आमचे हे आणि मी मिळून पेपरची लाइन चालवायचो. एकशे त्रेसष्ट घरं. ते सायकलवर लांबची टाकायचे, मी पायी जवळची. ठकू नऊ वर्षांची असताना त्यांनी स्वतःचा जीव घेतला. कसा, कुठे, ते मी लिहीत नाही. पेपरने लिहिलं होतं, जागेच्या फोटोसकट.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला गठ्ठे नेहमीसारखे दारात येऊन पडले. शेजारी म्हणाले, आज राहू दे. पण घरात बसून भिंतीकडे बघत करणार काय? मी घड्या घालायला घेतल्या. तिसऱ्या पानावर त्यांचा फोटो. वर ठळक अक्षरांत: 'बायकोच्या टोमण्यांना कंटाळून पेपरवाल्याने जीवन संपवले'.

हे मी स्वतःच्या हाताने लोकांच्या दारात टाकायचं होतं.

मी कात्री घेतली आणि एकेका पेपरातून ती बातमी कापून काढली. एकशे त्रेसष्ट वेळा. मग पेपर वाटले, प्रत्येकात तिसऱ्या पानावर चौकोनी खिडकी. वाटलं, झाकलं. कसलं झाकलं? ज्यांनी ते पान कधी उघडलं नसतं तेही चौकात जाऊन दुसरा पेपर घेऊन आले. संध्याकाळपर्यंत चौकात एक प्रत उरली नव्हती.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या वस्तीतला एक माणूस तसाच गेला, त्याच जागी. त्याचीही बातमी आली, फोटोसकट. त्याच्या बायकोला भेटायला मी गेले. ती एवढंच म्हणाली, "वर्षभर ते आतून खचत चालले होते. पेपरात एका ओळीत उरकलं." तेव्हापासून मी अशा बातम्या वाचायला लागले. कुठे काय लिहितात, कुठे काय गाळतात. वाचनालयात मानसिक आजारांच्या डॉक्टरांनी पत्रकारांसाठी लिहिलेली एक पातळ पुस्तिका मिळाली. ती मी तीनदा वाचली, मग वहीत उतरवून घेतली.

पुढे चौदा वर्षांनी कॉलेजातल्या एका मुलीची बातमी आली. पहिल्या पानावर, तिच्या चिठ्ठीसकट. मी वही घेऊन कचेरीत गेले. वृत्तसंपादकाच्या खुर्चीत तोच बसला होता, ज्याने आमची बातमी लिहिली होती. केस पिकले होते, पण ओळखू आला.

म्हणाला, "आजी, लोकांना कळायला नको का? लपवायचं का आम्ही?"

मी म्हटलं, "लपवून मी बघितलंय. भोकं पाडली होती पेपरला. लपवू नका, नीट सांगा. कसं केलं ते कशाला? जागा कशाला? चिठ्ठी तिच्या आईबापांची, ती तुमच्या पहिल्या पानावर काय करते? आणि कारण एका ओळीत कसं सांगता तुम्ही? मी सोळा वर्षं संसार केला, मला अजून सांगता येत नाही. तुम्हाला अर्ध्या तासात कळलं?"

त्याने वही पुढे ओढून चाळली. मग म्हणाला, "भोकं... तुम्ही त्या पेपरवाल्या बाई?"

"हो."

"तेव्हा असंच लिहायचे, बाई. मी नवा होतो."

"मीही नवीच होते," मी म्हटलं.

दुरुस्ती छापतो म्हणाला. मी नको म्हटलं. चौदा वर्षांनी पुन्हा तेच नाव, तीच गल्ली उघड्यावर कशाला? पुढची नीट लिहा म्हटलं. त्याने माझ्या वहीची नक्कल काढून भिंतीला लावली. पहिली काही वर्षं अधूनमधून त्याचा फोन यायचा. "बाई, हे शीर्षक चालेल?" मी म्हणायचे, "'कंटाळून' काढा. आणि खाली मदतीचा नंबर टाकलात का? बारीक अक्षरांत नको, माझ्यासारख्यांना दिसेल असा." तो कुरकुरायचा, पण टाकायचा.

त्या छापलेल्या नंबरांचं पुढे काय होतं ते मला कळायचं नाही. मागच्या वर्षी खालचा इस्त्रीवाला कॉलर दाबता दाबता म्हणाला, "बाई, मी तो नंबर लावला होता."

"कोणता?"

"बातमीच्या खालचा. बायको गेली त्या साली."

"मग?"

"मग काय? बोलले बराच वेळ. डॉक्टरकडे पाठवलं. आता तुमची साडी दाबतोय ना."

मी घरी येऊन दार लावलं. हे ज्यांना सांगावं ते कोणी घरात नव्हतं.

तर कात्री त्या वृत्तसंपादकांना द्यावी, टेबलावर ठेवायला. त्यांनी काय गाळायचं ते लिहिताना गाळावं. दुसऱ्या कोणाला कापत बसायला लागू नये.

कलम चार. पुस्तकं. दोन फळ्या भरून आहेत. ती कोपऱ्यावरच्या वाचनालयाला द्यावीत, कारण निम्मी मास्तरांची आहेत आणि मास्तर आता नाहीत.

निवृत्त मास्तर माझ्या लाइनीवरचे, शेवटचं घर. खिडकी पडलेला पेपर टाकला त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघून नजर चुकवत होते. मास्तर तेवढे दारात उभे राहून म्हणाले, "अहो बाई, माझं शब्दकोडं अर्धं गेलं की!" चौथ्या पानावर शब्दकोडं होतं. बातमी कापताना पाठीमागचं मी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एक कात्रण त्यांना नेऊन दिलं, कोड्याची बाजू वर करून. चार दिवसांनी त्यांनी ते परत केलं, सगळे चौकोन पेन्सिलने भरलेले. म्हणाले, "उलटी बाजू मी वाचलेली नाही, बाई. ती तुमची." आणि वर एक पुस्तक दिलं, "हे वाचा, परत आणा, मग दुसरं देतो." माझं शिक्षण चौथी. पुढचं सगळं त्या दारात झालं. अठरा वर्षं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. मीच एकदा सांगितलं, तेव्हा त्यांनी ऐकलं आणि पाणी दिलं.

कलम पाच. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, माळ्यावर, डाव्या हाताला. त्यात एकशे बासष्ट कात्रणं आहेत. ती मी तेव्हाच जाळायला हवी होती. का ठेवली सांगता येत नाही. त्यांचा फोटो होता म्हणून असेल. ठकू तेरा वर्षांची असताना बटणं शोधायला तिने तो डबा उघडला. लोकांनी ती ओळ एकदा वाचली. माझ्या मुलीपुढे ती एकशे बासष्ट वेळा आली.

मी स्वयंपाकघरात होते. ती दारात येऊन उभी राहिली. "तू काय बोललीस बाबांना?"

"सायकल आत घ्या म्हटलं. जिन्यात लोक अडखळतात म्हटलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यावरून कोणी जातं का?"

मी उत्तर दिलं नाही. मला येत नव्हतं. तिने माझ्या गप्प राहण्यालाच उत्तर समजलं.

डबा न उघडता कागदाचा लगदा करणाऱ्या कारखान्यात द्यावा. रद्दीवाल्याला नको, तो पुड्या बांधतो.

कलम सहा. माझ्या निधनाची बातमी कोणी विचारल्यास एका ओळीत द्यावी: पेपर टाकणाऱ्या बाई वारल्या. फोटो नको. शब्दकोड्याच्या पाठीमागे छापू नये.

कलम सात. मास्तरांनी सोडवलेलं कोडं पाकिटात घालून कपाटात ठेवलं आहे. ते ठकूला द्यावं. कोणती बाजू वर ठेवायची ते तिने ठरवावं. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर मी इथे, साक्षीदारांसमोर, लिहून देते.

नाही, ठकू. एवढ्यावरून कोणी जात नाही.

तुझ्या बाबांना दीड वर्ष धड झोप नव्हती. जेवणावरची वासना गेली होती. शिट्टी वाजवत पेपर टाकणारा माणूस, ती शिट्टी बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, हा आजार आहे, औषधाने उतरतो. गोळ्यांनी सकाळी जड वाटायचं म्हणून त्यांनी त्या परस्पर बंद केल्या. ते मला नंतर कळलं. हे एक कारण, असंही मी म्हणत नाही. पुष्कळ धागे होते, आणि त्यातला एकही तू नव्हतीस. तू त्या दिवशी शाळेत चित्र काढलं होतंस, त्यांच्या खिशात तुझं आधीचं चित्र होतं. हे पेपरने लिहिलं नाही. तुला कधी तसं जड वाटलं तर कोणाला तरी सांग. मला सांग. मी असेन तोवर खुर्ची पुसलेली आहे. मी नसेन तेव्हा दुसऱ्या कोणाला सांग, पण सांग.

कलम आठ. बाबांची सायकल, हिरवी, घंटी चालू. ती ठकूला. मी दर महिन्याला तेल घालते. ती दाराच्या आत ठेवलेली आहे. नेताना आणताना जिन्यात उभी करू नये, लोक अडखळतात. सायकल आत घे.

हे वाक्य मी पंचवीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. आज लिहिलं आणि वकीलबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. साधं वाक्य आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, मला मान्य आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: पेपरवाली, ठकूची आई

साक्षीदार पहिला: खालचा इस्त्रीवाला (सही. हात ओला होता, शाई थोडी फुटली आहे)

साक्षीदार दुसरी: वाचनालयातल्या बाई (सही)

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली, सायकलीशेजारी
दिनांक: सात, महिना दुसरा, पहिला रविवार. फोन यायच्या आधी.