मधेच वाजलेली टाळी

गुडीहत्नूर
दि. २० जानेवारी २०२५

चि. मैत्रीस,
सप्रेम जयभीम.

इकडे सर्व ठीक. थंडी कडक आहे. हर्षदीपची बदली टळली, म्हणून तुझी वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला लापशी खाऊ घालत सुटली आहे. माझी दाढ बरी आहे. खरं तर तिला काही झालंच नव्हतं. ते पुढे सांगतो.

तुझा मेसेज हर्षदीपनं वाचून दाखवला. चर्चमध्ये त्या जर्मन बाखची कँटाटा, म्हणजे तुमचं ते समूहगान, गाताना एकटीनं म्हणायच्या ठिकाणी तुझी ओळ सुटली. कोणीतरी मधेच टाळी वाजवून थट्टा केली म्हणे, आणि आता तू गाणंच सोडणार.

पोरी, ‘देव नाकारलेल्या घरची लेक देवाची गाणी गाते,’ असं विहारात वीस माणसांसमोर मीच बोललो होतो. तू ऐकायला बोलावलंस तेव्हा येणार नाही म्हणून कळवलं. मी हट्टी, हे तुझी आई हयातभर सांगत गेली.

आता दाढेचं. डॉक्टरला दाखवायला इचोड्याला जातो म्हणून निघालो आणि हैदराबादची बस धरली. चर्चमध्ये अगदी मागे, खांबाआड बसलो. आधी एका बाईंनी पेटीसारख्या पट्ट्यांच्या, जुन्या घडणीच्या लाकडी वाद्यावर बाखचंच काही वाजवलं. उजवा हात एक म्हणायचा, डावा त्याला उत्तर द्यायचा. आपल्या गायन पार्टीत तीस वर्षं मी पेटी बडवली, पण माझे दोन हात असे एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

मग तू उभी राहिलीस. भाषा जर्मन, एक अक्षर कळेना. पण तू तो सूर वर नेऊन धरलास आणि माझ्या अंगावर काटा आला. भीमगीतात अशी जागा आली की ऐकणारा गप्प बसतो का? माझी टाळी पडली. अख्ख्या चर्चमध्ये एकटीच.

शेजारची बाई म्हणाली, “क्या कर रहे अंकल, चुप बैठो!” तू दचकलीस आणि तुझी ओळ सुटली.

तेव्हाच उभा राहिलो असतो, तर थट्टा नव्हे, बाप आहे, हे तुला कळलं असतं. मी खाली वाकून चप्पल शोधायचं नाटक केलं. आलो हे तुला कळू द्यायचं नव्हतं. लेकीपुढे कसली आली हार-जीत! पण माझं मन एवढंसंच निघालं.

तुझा मेसेज ऐकला तेव्हा कळलं, ती टाळी तुला थट्टा वाटली. काल रविवारी वंदना झाल्यावर विहारात माईक घेतला आणि सगळ्यांसमोर हे सांगितलं. आपले ढोलकीवाले लक्ष्मणराव म्हणाले, “मास्तर, आमाले सांगून काय फायदा? पोरीले लिहा ना. तिनं काऊन गानं सोडाव?”

म्हणून लिहितो आहे. तू फार चांगली गात होतीस, मैत्री. इतकी, की मी देवाबिवाचं सगळं विसरलो.

शनिवारी तुझ्या दारात येतो आहे. जे बोलायचं ते मला बोल, पण तो राग गाण्यावर काढू नकोस.

तोंड दाखवायला येणारा
तुझा बाबा
चंपत