भिजू नकोस

प्रिय शेंडेफळा,

पत्र बघून हसशील. फोन करायचा सोडून ताईला हे काय सुचलं, म्हणशील. फोनवर माझा आवाज कापला असता, म्हणून लिहायला बसले.

रविवारी आपलं बोगद्याचं पुस्तक सापडलं! कपाटाच्या वरच्या खणात, आईच्या शालीखाली. हरवलेली शेळी शोधायला निघालेला मुलगा, त्याचा मिशाळ मामा आणि तो न संपणारा बोगदा. अंधार आला की तू माझा दंड चिमटायचास, काळेनिळे वळ उठायचे. दुपारचं जेवण उरकून सहज चाळायला घेतलं, ते खुर्चीतून उठलेच नाही. लहानपणी मामा केवढा शूर वाटायचा! आता कळलं, गडी मनातून पार टरकलेला आहे. काडी पेटवताना त्याचा हात थरथरतो, असं चक्क छापलंय. आपल्याला ते कधी दिसलंच नाही.

मग सातवं प्रकरण आलं. दिवा विझतो, मुलगा रडू लागतो आणि मामा म्हणतो, 'भिजू नकोस, मी आहे ना.' बोगद्यात पाण्याचा टिपूस नाही आणि हा म्हणतो भिजू नकोस! छापणाऱ्याची चूक, पण आपण पोट धरधरून हसलो होतो. पुढे तुझी परीक्षा असो की माझं ऑपरेशन, धीर द्यायला आपण एकमेकांना तेच म्हणत आलो. प्रुफं तपासण्यात माझी तीस वर्षं गेली, हजारो चुका काढल्या, पण ही एक चूक मला जिवापाड आवडते.

त्या पानावर आले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. 'जू'वर काट मारून समासात 'ऊ' लिहिला होता. भिऊ नकोस. अक्षर माझं. शाई हिरवी, आणि ते हिरवं पेन ऑफिसात मला गेल्या सोमवारी मिळालंय. घाईघाईनं शेवटचं पान उघडलं. तिथं 'तपासले', खाली माझी सही आणि मंगळवारची तारीख. म्हणजे मंगळवारी मी हे पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं, पुन्हा शालीखाली ठेवलं, आणि मला त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही.

नुसतं विसरले असते तर वयावर ढकलून मोकळी झाले असते. पण मंगळवारी जी कोणी या खुर्चीत बसली होती, तिला ती चूक नुसती चूक वाटली. तिला तू आठवला नाहीस. मला तिची फार भीती वाटते रे. आईनं तुला पाहुणा समजून 'बसा' म्हटलं होतं, तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही.

गुरुवारी अकराला डॉक्टरांकडे जायचंय. एकटीनं जायचा धीर होत नाही, रजा काढून ये. आत जाण्याआधी मला म्हण, भिजू नकोस. मी हसले तर ठीक. नाही हसले, उलट तुझीच चूक सुधारू लागले, तरी माझा हात सोडू नकोस. तुझा थरथरला तरी चालेल.

आज तरी पुरती तुझीच,
ताई