आबांच्या गेमचा वेग

विजू,

आबांना घेऊन बावड्याला फिजिओथेरपीला चाललोय. आमटी गॅसवर हाय, गरम करून घे.

आबांच्या हातात धरायच्या गेमचा प्रोसेसर तू जास्त वेगानं चालवायला लावलास, ते चांगल्यासाठीच. गेम अडखळायची थांबली. पण लकव्यानंतर त्यांची बोटं गेममधल्या त्या अडखळत्या गाडीलाच सरावली होती. काल गाडी सुसाट सुटली आणि ते प्रत्येक वळणावर आपटले. "पोरानं मशीन सुधारलं, माझाच हात बिघडला," म्हणाले. व्यायामाला येत न्हाई म्हणून भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. वेग वाढल्यानं असं हुतंय, हे मी सांगून बघितलं, पटलं न्हाई.

आज ते अंघोळीला गेल्यावर मी वेग पहिल्यासारखा केला. चहा पिता पिता त्यांनी एक शर्यत खेळली आणि जिंकली. मग आपल्या हातानं चपला घालून दारात उभे राहिले. "चल की, उशीर हुतोय."

आता तू त्या वेगाला हात लावू नको. त्यांनी विचारलंच तर मशीन तापत होतं म्हणून कमी केला, असं सांग. तापत होतंच की.

वर्षाताई